बिनतारी बोलणी

तुळशीचे लग्न लागले की इतर घरांतून दिवाळीची आवराआवर सुरू होते. आमच्या घरात मात्र खरी धांदल तेव्हाच सुरू होते. पुण्याच्या एका जुन्या पेठेत आमचे मंगल कार्यालय आहे. मामंजींनी ते १९६८ साली थाटले. आता ह्यांच्या माघारी मी आणि भावोजी मिळून ते चालवतो. तळमजल्यावर मागच्या अंगाला स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर पंगतीचे दालन, दुसऱ्या मजल्यावर लग्न लागते ते सभागृह, खाली सामानाचे तळघर आणि दोन गल्ल्या पलीकडे गाड्या लावायला भाड्याने घेतलेले पटांगण. एका लग्नाला आमची पंचवीस-तीस माणसे राबतात, आणि त्यांतली निम्मी सदैव उरलेल्या निम्म्यांना शोधत असतात.

मामंजींच्या काळी स्वयंपाकघराच्या दारात एक पितळी घंटा टांगलेली असे. एक टोल म्हणजे पाने मांडा, दोन म्हणजे वाढप सुरू, तीन म्हणजे हातातले टाकून सगळे खाली या. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि घंटा नुसती शोभेची राहिली. आम्हांला वाटले, आता काय, जो तो हाकेच्या अंतरावर आला!

तो भ्रम दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात फिटला. दुसरी पंगत बसली होती. वधूचे आजोबा पानावरून उठता उठता एकाएकी कोसळले. मंडळींत एक डॉक्टर होते म्हणून बरे. त्यांनी तिथल्या तिथे उपचार सुरू केले आणि रुग्णवाहिका बोलवायला सांगितले. ती आलीही लवकर. पण आमच्या दारात वऱ्हाडाची बस आडवी लागलेली, आणि बसचा चालक पटांगणात गप्पा मारत बसलेला. मी पटांगणावरच्या आमच्या माणसाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्याने आपला मोबाइल चौकीत चार्जिंगला लावला होता आणि स्वतः उन्हात गाड्या लावत होता. दरवाजावरच्या माणसाला केला, तर त्याच्या कानाशी सनई-चौघडा वाजत होता. शेवटी माझा पुतण्या अनवाणी धावत गेला, तेव्हा बस हलली.

आजोबा वाचले. पुढे महिन्याभराने त्यांनी स्वतः येऊन पेढे दिले. पण त्या सात-आठ मिनिटांत वधूने माझ्याकडे जसे पाहिले, ते मी अजून विसरलेली नाही. त्याच रात्री मी भावोजींना म्हटले, “आपल्याला वॉकी-टॉकी घ्यायला हवेत.”

ही कथा एका मंगल कार्यालयाची असली, तरी वाचकहो, ती केवळ आमच्या उपयोगाची नाही. ज्यांचे गोदाम आहे, शाळेची सहल न्यायची आहे, सोसायटीच्या दोन फाटकांवर पहारेकरी आहेत, त्या सर्वांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. म्हणून आमच्या चुकांसकट सारे सांगते.

पहिली चूक उत्साहाची. पुतण्याने दुसऱ्याच दिवशी इंटरनेटवरून चार सेट मागवले. खोक्यावर ‘पल्ला दहा किलोमीटर’ असे ठळक छापलेले. सेट चालू केले, तर त्यांतून आमच्या आचाऱ्यांऐवजी भलत्याच कुणाचे बोलणे ऐकू येऊ लागले. पुतण्या खूश! मी मात्र घाबरले आणि शेजारच्या सुभेदारकाकांना बोलावले. काका सैन्याच्या सिग्नल दलातून निवृत्त झालेले. १९११ साली उभ्या राहिलेल्या या दलाचे ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’, आणि काकांचा स्वभावही तसाच. त्यांनी सेट हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, “सूनबाई, आधी हे बंद कर. मग चहा टाक.”

चहा पिता पिता काकांनी जे सांगितले, ते दुकानात सहसा कोणी सांगत नाही. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे वाटप सरकार करते. दूरसंचार विभागात त्यासाठी १९५२ सालापासून एक वेगळी बिनतारी शाखा आहे. पोलीस, अग्निशमन दल, विमानतळ यांना आपापल्या पट्ट्या नेमून दिलेल्या असतात. आपल्यासारख्यांसाठी २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही चिमुकली पट्टी मोकळी ठेवली आहे. तिच्यात कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. पण सेटच्या प्रकाराला सरकारी मंजुरी असावी लागते, ही पहिली अट. दुसरी अट, आपल्यामुळे दुसऱ्याला अडथळा होता कामा नये. आणि दुसऱ्याचा आपल्याला झाला, तर तक्रारीचा हक्क नाही, कारण ती पट्टी सर्वांच्या सामाईकीची. चाळीतल्या नळासारखेच म्हणा ना!

याहून जास्त शक्तीचा सेट किंवा स्वतःची राखीव लहर हवी असेल, तर रीतसर परवाना काढावा लागतो. मोठे कारखाने, मोठी बांधकामे तसा काढतात. पण कुठल्याही लहरीवर लावता येणारे सेट बाजारात सर्रास विकले जातात, आणि घेणाऱ्याला आपण कायदा मोडतो आहोत याची कल्पनाही नसते. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली ऑनलाइन बाजारांसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. सेटची लहर कोणती, परवाना लागतो की नाही, मंजुरी आहे का, हे विकणाऱ्याने सांगायलाच हवे. तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. “हा ४४६ चा विनापरवाना सेट आहे का, आणि मंजुरीचा कागद दाखवता का?” असे विचारा. उत्तर देताना दुकानदार पंख्याकडे पाहू लागला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

पुतण्याचे चार सेट परत गेले. आम्ही तिघे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ही जुनी बाजारपेठ पुणेकरांना नव्याने सांगायला नको. तिथल्या एका सालस दुकानदाराने दोन सेट दोन दिवसांसाठी वापरून पाहायला दिले. आमच्या साऱ्या खरेदीतली हीच सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

कारण पल्ल्याचे आकडे हे वधूवरांच्या पत्रिकेतल्या गुणांसारखे असतात. जुळले तरी संसार व्हायचा तेव्हा कळतो! उभ्या माणसाच्या हनुवटीच्या उंचीवरून सपाट मैदानात क्षितिज चार-साडेचार किलोमीटरवर दिसते. म्हणजे दोन माणसांमध्ये उघडे रान असेल, तर आठ-नऊ किलोमीटरची गोष्ट कागदावर तरी खोटी नाही. पण पेठेत उघडे रान कुठले? तिथे भिंती, लोखंडी गज, पाण्याच्या टाक्या. लहरींची जातही इथे महत्त्वाची ठरते. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दोन मीटर लांब असते. तिला शेतमळे, मोकळे रान मानवते. ४४६ ची लहर जेमतेम सदुसष्ट सेंटिमीटरची. ती दारे, खिडक्या, जिन्यांतून वाट काढते, म्हणून इमारतींत तीच बरी.

काकांनी परीक्षा घेतली ती अशी. भावोजी एक सेट घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले, तिथला धूर ओढणारा मोठा पंखा चालू करून. मी दुसरा सेट घेऊन तळघर, जिन्याखालची खोली, गच्ची, गल्ली, पटांगण असे फिरले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी मला एक पदार्थ सांगायचा आणि मी तो कागदावर लिहायचा. संध्याकाळी दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. पटांगणापर्यंत सारे जुळले. फक्त तळघराच्या मागच्या कोपऱ्यात ‘मठ्ठा’ आणि ‘मसालेभात’ यांतले काहीच पोहोचले नव्हते. त्या कोपऱ्यात आता खडूने फुली मारली आहे आणि तिथे कोणी एकट्याने जायचे नाही असा नियम आहे. सेट विकत घेण्याआधी तो कुठे बहिरा आहे हे कळणे, यासारखा दुसरा फायदा नाही.

इथे कोणी विचारील, मोबाइलचे सिमकार्ड घालून चालणारे सेटही मिळतात ना? मिळतात, आणि शहराच्या दोन टोकांना माणसे असतील तर ते उत्तमच. पण जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे तेही मुके. आमच्या तळघरात त्यांचा काय उपयोग?

मग आला बॅटरीचा हिशेब. खोक्यावर ‘बारा तास’ लिहिलेले असते. तो हिशेब बहुधा असा धरतात की शंभरातली पाच मिनिटे तुम्ही बोलता, पाच मिनिटे ऐकता आणि नव्वद मिनिटे सेट गप्प असतो. लग्नघरात नव्वद मिनिटे गप्प कोण बसणार? सर्वांत जास्त बॅटरी जाते ती बोलताना. म्हणून प्रत्येक सेटमागे एक जादा बॅटरी घेतली आणि सहा सेट एकदम बसतील असा चार्जर.

तिसरी गोष्ट मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही. सेट अडकवायचा कुठे? त्यांच्या मागे जो चिमटा असतो, तो पँटच्या पट्ट्यासाठी केलेला. आमच्या पंगतीची सारी व्यवस्था पाहणाऱ्या मावशी नऊवारी नेसतात. आमचे थोरले आचारी बंडी आणि पंचा यांवर उभे असतात. शेवटी शिंप्याकडून खांद्यावरून तिरक्या घालायच्या पिशव्या शिवून घेतल्या. आचाऱ्यांचे हात तेलकट, म्हणून बटण मोठे आणि खडबडीत असेल असा सेट निवडला. धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सोसणारा, म्हणजे ज्यावर ‘आयपी ५४’ असा शिक्का असतो तो. ‘आयपी ६७’ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालणारा. पण आमटीत पडलेला सेट कुणी परत वापरील असे मला वाटत नाही. दरवाजावरच्या माणसाला सनईमुळे ऐकू येत नाही, म्हणून त्याला कानात घालायची गुंडी दिली. आणि काकांनी बजावले, “गॅसचा वास आला तर सेटला हात लावायचा नाही. बाहेर पडायचे आणि मग बोलायचे. गॅस-पेट्रोलच्या जागी वापरायचे ठिणगी न उडणारे सेट वेगळे असतात. हे ते नव्हेत.”

एकूण आठ सेट घेतले. स्वयंपाकघर, पंगत, वाढपाची खिडकी, सभागृह, दरवाजा, पटांगण, मी, आणि एक राखीव. खर्च एका बेताच्या लग्नाच्या फुलांच्या सजावटीहून कमी आला. मार्गशीर्षातल्या पहिल्या लग्नाच्या सकाळी मी ते प्रसादासारखे वाटले आणि कृतार्थ मनाने साडीचा पदर खोचला.

गमती खूप झाल्या. या सेटवर ‘खाजगी कोड’ नावाची एक सोय असते. वाढप्यांना वाटले, कोड लावला म्हणजे आपले बोलणे गुप्त. वास्तविक तो कोड म्हणजे बोलण्यासोबत जाणारा एक बारीक सूर. त्याने आपल्याला परक्यांचे बोलणे ऐकू येत नाही एवढेच. परक्यांना आपले खुशाल ऐकू येते. आणि परके कशाला, “वरपक्ष फार खादाड आहे, जिलब्या जपून काढा,” हे वाक्य मावशींच्या पिशवीतून नेमके वराच्या काकांच्या पानापाशी उमटले. काका दिलदार. त्यांनी आणखी चार जिलब्या मागून घेतल्या.

पण त्याच महिन्यात जे घडले, त्यात गंमत नव्हती.

आमच्याकडे स्वयंपाकघरातून पंगतीच्या मजल्यावर जेवण चढवायला विजेचा एक पाळणा आहे. मामंजींच्या वेळचा, वरखाली करायचे बटण खालच्या बाजूला. त्या दिवशी आमटीचे मोठे पातेले वर गेले. एक वीस-बावीस वर्षांचा वाढपी ते ओढून काढत होता आणि पातेल्याची कड पाळण्याच्या चौकटीत अडकली. मावशींनी लगबगीने सेट उचलला आणि त्या म्हणाल्या, “पाळणा खाली घेऊ नका.” शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आत त्यांचा अंगठा बटणावरून सुटला होता. खालच्या पोऱ्याला ऐकू आले, “पाळणा खाली घेऊ.” त्याने बटण दाबले.

पातेले कलंडले. उकळती आमटी त्या पोराच्या दोन्ही पायांवर घोट्यांपर्यंत सांडली.

त्याला बरे व्हायला दीड महिना लागला. औषधपाणी आणि पगार आम्ही केला, पण तो काही उपकार नव्हे. मावशी तीन दिवस जेवल्या नाहीत. “वहिनी, माझ्या जिभेनं पोर भाजलं,” एवढेच म्हणत राहिल्या. मी त्यांना म्हटले, “मावशी, चूक तुमची नाही. सेट निवडायला मी तीन आठवडे घालवले आणि तुम्हांला शिकवायला अर्धा तासही दिला नाही.” त्यांची समजूत घालायला म्हटले खरे, पण म्हणता म्हणता ते खरेच आहे हे माझ्या लक्षात आले.

काकांना सारा प्रकार सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, इंग्रजीत नकार वाक्याच्या आरंभी येतो. आपल्या मराठीत तो शेवटी येतो. घेऊ नका, सोडू नका, येत नाही. आणि अर्धवट सुटलेलं बटण नेहमी शेवटचाच शब्द खातं. आपल्या भाषेत बिनतारीवर ‘नका’ म्हणायचंच नसतं.”

इतकी वर्षे मराठी बोलते आहे, पण ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशीपासून शाळा भरली. काका मास्तर, आम्ही सगळे विद्यार्थी. बटण दाबायचे, मनात ‘एक’ म्हणायचे, मग बोलायचे. नाही तर पहिला शब्द जातो. बोलून झाले की पुन्हा मनात ‘एक’ म्हणायचे, मग सोडायचे. तोंड सेटपासून चार बोटांवर ठेवायचे, ओरडायचे नाही. आधी ज्याला बोलवायचे त्याचे ठिकाण, मग आपले: “स्वयंपाकघर, पंगत बोलते आहे.” थांबवायचे असेल तर एकच शब्द: “थांबा!” तोही दोनदा. आणि ऐकणाऱ्याने ऐकलेले उलट म्हणून दाखवायचे. म्हणून दाखवेपर्यंत पाळण्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

आकड्यांचाही असाच घोळ होई. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सेटवर जुळ्या भावांसारखे वाटतात. म्हणून आता पानांची संख्या एकेक अंकाने सांगतात: “पाच, नऊ.” विमानवाल्यांनी १९५६ साली आल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी अक्षरांची नावे ठरवली, ती याच कारणाने. एक शब्द दुसऱ्यासारखा ऐकू येऊ नये. आमच्या मावशी इंग्रजी शिकलेल्या नाहीत, पण हे तत्त्व त्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की घरी नातवालाही त्या ऐकलेले परत म्हणायला लावतात.

आणखी एक गोष्ट केली. पाळण्याला खटका बसवून घेतला. वरचे दार उघडे असले की खालून कितीही बटण दाबा, पाळणा जागचा हलत नाही. जिथे जिवाचे काम आहे तिथे केवळ शब्दावर भिस्त ठेवू नये, मग तो तारेने येवो की बिनतारी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक पाठीवर पंधरा किलोच्या आसपास वजनाचा जो सेट वाहत, त्याला ‘वॉकी-टॉकी’ हे नाव पडले होते. हातात मावणारा लहान सेट तेव्हा ‘हँडी-टॉकी’ म्हणून ओळखला जाई. आज ते वजन ओंजळीभर झाले आहे. पण काका म्हणतात की सैन्यात सेट हातात देण्याआधी माणसाला बोलायला शिकवत. आमच्याकडे उलटे झाले आणि त्याची किंमत एका पोराच्या पायांनी दिली.

तो पोर आता बरा आहे. यंदा पाळण्याच्या वरच्या खिडकीचा सेट त्यानेच मागून घेतला. गेल्या आठवड्यात नव्या मुलांना शिकवण्याची पाळी आली, तेव्हा काकांना बरे नव्हते. तो पुढे झाला, पायजमा घोट्यांवर उचलून त्याने डाग दाखवले आणि म्हणाला, “हा मावशींचा ‘नका’. आता बटण दाबा आणि म्हणा, थांबा.”

मुलांनी म्हटले. त्याने प्रत्येकाकडून तीन-तीनदा म्हणवून घेतले.

मामंजींची घंटा मी घासूनपुसून पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात टांगली आहे. बॅटऱ्या संपल्या, सेट बिघडले, तरी तीन टोलांचा अर्थ आमच्याकडे अजून सगळ्यांना कळतो.